सिनेटर रस फाइनगोल्ड : परराष्ट्र धोरण आणि नागरी स्वातंत्र्य यांविषयीच्या भूमिका

पैलतीर :

अमेरिकेच्या सिनेटमध्ये २५ ऑक्टोबर २००१ रोजी, दहशतवादाविरुद्ध सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या पेट्रियट कायद्यावर मतदान झाले, तेव्हा बाजूने ९८ मते पडली आणि विरोधात एकच. ते मत विस्कॉन्सिन राज्याचे डेमोक्रॅटिक सिनेटर रस फाइनगोल्ड यांचे होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला आणि त्या २३ जणांतही ते होते. त्यांचा उल्लेख होतो तो बहुधा या दोन मतांपुरता, आणि तोही निरनिराळ्या प्रकरणांत. पाळतीच्या कायद्यांवर लिहिणारे पहिल्या मताविषयी बोलतात, युद्धावर लिहिणारे दुसऱ्याविषयी. माझ्या मते या दोन भूमिका मुळात एकच आहेत. १९९३ ते २०११ या अठरा वर्षांच्या सिनेटमधील कारकिर्दीत फाइनगोल्ड एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले : अध्यक्ष जो अधिकार मागत आहेत तो कोणत्या पुराव्यावर, किती काळासाठी, आणि त्याचा हिशेब नंतर कोणी मागायचा?

पेट्रियट कायद्याची हकिगत तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण ‘एकट्याचे मत’ एवढेच सांगितले की त्यामागचे काम झाकले जाते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. सिनेटचे बहुमताचे नेते टॉम डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सचे पत्र आल्यामुळे हार्ट इमारत बंद करण्यात आली होती आणि सदस्यांना धड बसायला जागा नव्हती. अशा वातावरणात तीनशेहून अधिक पानांचा कायदा पुढे सरकत होता. त्याआधी, ११ ऑक्टोबरला, सिनेटने आपला मसुदा चर्चेस घेतला तेव्हा दोन्ही पक्षांच्या नेत्यांची इच्छा तो एकाही दुरुस्तीशिवाय संमत व्हावा अशी होती. फाइनगोल्ड यांनी त्याला संमती नाकारली आणि दुरुस्त्या मांडल्या.

एक दुरुस्ती संगणकात अनधिकृत प्रवेश करणाऱ्यांवर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय ठेवायच्या पाळतीला मर्यादा घालणारी होती. ती ८३ विरुद्ध १३ मतांनी बाजूला सारली गेली. दुसरी फिरत्या टॅपिंगविषयी होती. संशयिताने फोन बदलला की नव्या फोनवरही पाळत ठेवता यावी, हे त्यांना मान्य होते. पण तो फोन त्या वेळी प्रत्यक्ष तोच माणूस वापरत आहे, याची खातरजमा व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ती ९० विरुद्ध ७ मतांनी गेली. तिसरी कलम २१५ विषयी होती. या कलमामुळे ग्रंथालये, रुग्णालये, दुकाने, अशा कोणाकडूनही लोकांच्या नोंदी गुप्त न्यायालयाच्या हुकुमाने मागवता येणार होत्या, आणि त्या नोंदी संशयिताच्याच असाव्यात असे बंधन उरले नव्हते. ही दुरुस्ती ८९ विरुद्ध ८ मतांनी पडली. लक्षात घेण्यासारखे हे की डॅशल यांनी या दुरुस्त्यांना विरोध केला तो त्यांच्या आशयावर बोट ठेवून केलेला नव्हता. जमलेली तडजोड विस्कटेल, हे त्यांचे कारण होते. सभागृहाने एखादा युक्तिवाद तपासून नाकारणे आणि तो तपासायलाच नकार देणे यांत फार अंतर आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या रात्रीची खरी शोकांतिका तेथेच आहे.

अंतिम मतदानापूर्वीच्या भाषणात त्यांनी अमेरिकेच्या इतिहासातील जुनी प्रकरणे एकामागून एक मांडली : अठराव्या शतकाच्या अखेरचे परकीय व राजद्रोहविषयक कायदे, यादवी युद्धातील हेबियस कॉर्पसची, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याच्या हक्काची, स्थगिती, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबणे, मॅकार्थी काळातील कथित कम्युनिस्टांच्या काळ्या याद्या, आणि व्हिएतनाम काळात युद्धविरोधकांवर ठेवलेली पाळत. आपण पोलिसी राज्यात राहत असतो तर दहशतवादी पकडणे सोपे गेले असते याविषयी शंका नाही, पण ज्या देशात राहावेसे वाटावे असा तो देश नसता, असे त्यांनी सांगितले. या नव्या अधिकारांचा भार सर्वांवर सारखा पडणार नाही, तो अरब, मुस्लिम आणि दक्षिण आशियाई स्थलांतरितांवर सर्वाधिक पडेल, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्या महिन्यांतील विमानतळ आठवत असतील, तर या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको.

आता इराक. ऑक्टोबर २००२ मधील त्यांच्या भाषणाचा गाभा ‘युद्ध वाईट असते’ असा नव्हताच. बुश प्रशासन युद्धासाठी दर आठवड्याला नवे कारण देत आहे, कधी अल-कायदाशी संबंध, कधी सामूहिक संहाराची शस्त्रे, कधी राजवट बदलण्याची गरज. आणि ही कारणे एकमेकांना जोडून पाहिली तर त्यातून सुसंगत युक्तिवाद उभा राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विजयानंतर काय करायचे याची योजना कोठे आहे, हा त्यांचा आणखी एक प्रश्न होता. ऑगस्ट २००५ मध्ये त्यांनी इराकमधून सैन्य परत आणण्यासाठी ३१ डिसेंबर २००६ ही तारीख सुचवली. अशी निश्चित तारीख मांडणारे ते पहिले सिनेटर होते. मे २००७ मध्ये त्यांनी आणि हॅरी रीड यांनी मुदतीनंतर युद्धाचा पैसा थांबवण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्याला केवळ २९ मते मिळाली.

या दोन धाग्यांची गाठ पडते ती डिसेंबर २००५ मध्ये. राष्ट्रीय सुरक्षा संस्था न्यायालयाच्या वॉरंटशिवाय अमेरिकेतील लोकांचे परदेशांशी होणारे संभाषण ऐकत आहे, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले. १९७८ च्या कायद्याने अशा पाळतीसाठी स्वतंत्र न्यायालय नेमले होते. प्रशासनाने उत्तर दिले की सप्टेंबर २००१ मध्ये काँग्रेसने लष्करी बळाचा जो अधिकार दिला, त्यातच हा अधिकार आला. म्हणजे परदेशातील युद्धासाठी दिलेला ठराव देशातील फोन ऐकण्यासाठी वापरला गेला होता. मार्च २००६ मध्ये फाइनगोल्ड यांनी अध्यक्षांविरुद्ध निंदाव्यंजक ठराव मांडला. टॉम हार्किन आणि बार्बरा बॉक्सर यांच्यासारख्या मोजक्या सहकाऱ्यांनीच त्याला सहप्रस्तावक म्हणून साथ दिली आणि ठरावावर मतदान कधी झालेच नाही. पण या ठरावामागील तर्क मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे सूत्र वाटते : सीमेबाहेर दिलेला अमर्याद अधिकार सीमेच्या आत परत येतो.

जाणकारांनी भर घालावी, आणि जेथे मतभेद असेल तेथे तो स्पष्ट मांडावा.

अक्षांश :

लेख मोलाचा आहे, परंतु आपण ज्या ठरावाचा शेवटी उल्लेख केला आहे, त्याच ठरावाने आपल्या सूत्राला तडा जातो असे मला वाटते. १४ सप्टेंबर २००१ रोजी सिनेटने लष्करी बळाचा जो अधिकार दिला तो ९८ विरुद्ध ० मतांनी दिला, आणि त्या ९८ जणांत फाइनगोल्ड होते. त्या ठरावात मुदत नव्हती, भौगोलिक सीमा नव्हती, शत्रूचे नाव नव्हते. प्रतिनिधिगृहात कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांनी नेमके हेच ओळखून ४२० विरुद्ध १ असे एकट्याचे मत दिले. तेव्हा ‘किती काळासाठी’ हा प्रश्न विचारण्याचा मान त्या आठवड्यापुरता तरी ली यांच्याकडे जातो, फाइनगोल्ड यांच्याकडे नाही.

दुसरी गोष्ट जॉन अॅशक्रॉफ्ट यांची. ज्या महान्यायवादींनी पेट्रियट कायदा रेटला, आणि डिसेंबर २००१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, स्वातंत्र्य गमावल्याचा बागुलबुवा उभा करणारे लोक दहशतवाद्यांनाच मदत करतात, असे सांगितले, त्यांच्या नेमणुकीला न्यायविषयक समितीत अनुकूल मत देणारे एकमेव डेमोक्रॅट फाइनगोल्डच होते. अध्यक्षांना आपले मंत्रिमंडळ निवडण्याची मोकळीक असावी, हे त्यांचे तत्त्व होते, हे मला ठाऊक आहे. पण तत्त्व पाळण्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे.

पैलतीर :

अक्षांश यांचा पहिला आक्षेप वजनदार आहे आणि बार्बरा ली यांच्या मताचे श्रेष्ठत्व मी निःसंकोच मान्य करतो. मात्र त्यातून फाइनगोल्ड यांचे सूत्र मोडते असे मला वाटत नाही. त्या सूत्राची मर्यादा कोठे आहे ते कळते. ते शांततावादी नव्हते. अफगाणिस्तानातील कारवाईला त्यांचा पाठिंबा होता, कारण हल्ला कोणी केला, त्यांना आश्रय कोणी दिला, आणि काँग्रेससमोर रीतसर ठराव आला की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या मते होती. एप्रिल २००२ मध्ये, म्हणजे इराकची चर्चा औपचारिकपणे सुरू होण्यापूर्वीच, त्यांनी राज्यघटनाविषयक उपसमितीचे अध्यक्ष म्हणून १९७३ च्या युद्धाधिकार ठरावावर सुनावणी घेतली. सप्टेंबरचा ठराव कोठपर्यंत ताणता येतो आणि कोठे नव्याने परवानगी घ्यावी लागेल, हाच तिचा विषय होता. ठराव देताना जी कुंपणे घातली नव्हती, ती नंतर घालण्याचा तो प्रयत्न होता आणि तो पुरेसा ठरला नाही, हे खरे आहे. त्याच ठरावाच्या आधारे पुढे येमेन आणि सोमालियापर्यंत कारवाया गेल्या.

अॅशक्रॉफ्ट यांच्या बाबतीत मी वेगळे म्हणेन. जानेवारी १९९९ मध्ये क्लिंटन यांच्यावरील महाभियोग विनासुनावणी निकाली काढावा, असा डेमोक्रॅटिक सिनेटर रॉबर्ट बर्ड यांचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे एकमेव डेमोक्रॅटही फाइनगोल्ड होते. पुढे पुरावा ऐकून त्यांनी क्लिंटन यांना निर्दोष ठरवण्याच्या बाजूने मत दिले. प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी आणि निर्णय तिच्या अखेरीस द्यावा, ही सवय त्यांच्या पक्षाला कधी सोयीची ठरली, कधी गैरसोयीची. अॅशक्रॉफ्ट हा त्याच सवयीचा महागात पडलेला प्रसंग आहे.

मॅडिसनकर :

विस्कॉन्सिनमध्ये दीर्घकाळ राहणारी एक मराठी रहिवासी या नात्याने थोडे लिहिते. फाइनगोल्ड यांचे मत वॉशिंग्टनमध्ये जितके विचित्र वाटले, तितके ते येथे वाटले नव्हते, आणि त्याचे कारण या राज्याच्या स्मरणात आहे. १९१७ मध्ये अमेरिकेने पहिल्या महायुद्धात उतरावे की नाही यावर सिनेटमध्ये मतदान झाले, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या सहा जणांत येथील रॉबर्ट ला फॉलेट होते. त्या मतासाठी त्यांना देशद्रोही म्हटले गेले आणि सिनेटमधून काढून टाकण्याची मागणी झाली. आज कॅपिटॉल इमारतीतील विस्कॉन्सिनच्या दोन पुतळ्यांपैकी एक त्यांचा आहे. पण याच राज्याने जोसेफ मॅकार्थी यांनाही सिनेटमध्ये पाठवले होते. एवढेच नव्हे, तर ज्या जागेवर आधी ला फॉलेट आणि नंतर त्यांचा मुलगा बसत होते, त्याच जागेवर मॅकार्थी १९४६ मध्ये निवडून आले. फाइनगोल्ड यांची जागा दुसरी होती, तरीही त्यांच्या भाषणातील काळ्या याद्यांचा उल्लेख आमच्यासाठी घरातल्या इतिहासाचा उल्लेख होता.

दुसरा मुद्दा त्यांच्या ऐकण्याच्या सभांचा. १९९२ च्या निवडणुकीत त्यांनी आपली वचने स्वतःच्या गॅरेजच्या दारावर रंगवून घेतली होती आणि त्यांतले एक, राज्यातील सर्व ७२ काउंट्यांत दरवर्षी जाऊन लोकांचे ऐकण्याचे, त्यांनी अठराही वर्षे पाळले. येथे परराष्ट्र धोरण हा तज्ज्ञांचा विषय म्हणून बाजूला ठेवला जात नसे. दुग्धव्यवसाय करणारा शेतकरी दुधाच्या भावाविषयी बोलत असे आणि त्याच्यामागे उभी असलेली आई राष्ट्रीय रक्षक दलातील आपल्या मुलाच्या इराकमधील वाढलेल्या मुदतीविषयी. सैन्य परत आणण्याच्या तारखेची कल्पना फाइनगोल्ड यांनी विद्वानांच्या परिषदेत न मांडता विस्कॉन्सिनमध्ये, अशाच लोकांसमोर मांडली, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही भाषणाइतकीच महत्त्वाची वाटते. व्यापार करारांना त्यांचा जो सातत्याने विरोध राहिला, मग तो नाफ्टा हा उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार असो वा चीनला कायमचा सामान्य व्यापारी दर्जा देण्याचा प्रश्न, त्याचे मूळही कारखाने बंद पडलेल्या याच गावांत आहे. त्यांचे स्वतःचे गाव जेन्सव्हिल हे मोटारींच्या कारखान्याचे गाव होते आणि तो कारखाना २००८ मध्ये थंडावला.

सप्तपर्णी :

सर्वांनी फाइनगोल्ड यांचे गुणगान केले आहे, म्हणून भारतीय वाचक म्हणून एक कठीण प्रश्न मांडणे मला आवश्यक वाटते. भारत-अमेरिका अणुकरार सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे २००६ मध्ये आला, तेव्हा तो १६ विरुद्ध २ मतांनी संमत झाला आणि विरोध करणारे दोघे म्हणजे फाइनगोल्ड आणि बॉक्सर. नोव्हेंबर २००६ मध्ये संपूर्ण सभागृहात ८५ विरुद्ध १२ मतांनी विधेयक संमत झाले त्या वेळी, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये ८६ विरुद्ध १३ मतांनी अंतिम मंजुरी मिळाली त्या वेळीही, ते विरोधातच होते. भारताने कधीही अण्वस्त्रतंत्रज्ञान दुसऱ्या देशाला दिलेले नाही. तीन दशके आपण बहिष्कृताची वागणूक सोसली. स्वतःच्या देशात न्याय्य प्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्या सिनेटरने भारताच्या बाबतीत मात्र महासत्तेचा पहारेकरी व्हावे, ही विसंगती नाही का?

तळटीप :

सप्तपर्णी यांची वेदना समजते आणि महाराष्ट्रात ती अधिक समजते, कारण या वादाचा प्रत्यक्ष इतिहास तारापूरला घडला आहे. १९६३ च्या करारानुसार तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकने उभारल्या, १९६९ पासून त्या वीज देऊ लागल्या आणि तीस वर्षे इंधन पुरवण्याचे वचन अमेरिकेने दिले होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा करून निर्यातीच्या अटी बदलल्या आणि जुन्या करारालाही त्या लागू केल्या. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तारापूरला इंधन पाठवण्याचे ठरवले, तेव्हा तो निर्णय सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा केवळ दोन मतांनी वाचला, आणि अखेर १९८२ मध्ये इंधनपुरवठ्याची जबाबदारी फ्रान्सने घेतली. भारतीय शास्त्रज्ञांच्या मनातील अविश्वास हवेतून आलेला नाही. २००६ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी वेगप्रजनक अणुभट्टी आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवण्याचा जो आग्रह धरला, त्यामागेही हाच अनुभव होता.

असे असले, तरी फाइनगोल्ड यांचा आक्षेप काय होता, हे नीट वाचले पाहिजे. २२ पैकी १४ अणुभट्ट्या तपासणीखाली येणार होत्या आणि ८ बाहेर राहणार होत्या. देशातील युरेनियम तोकडे असल्याने नागरी अणुभट्ट्यांसाठी बाहेरून इंधन आले की देशी युरेनियम लष्करी कामासाठी मोकळे होते, हा तर्क चुकीचा नाही. भारतातील सामरिक अभ्यासकांनीही तो उघडपणे मांडला होता. अमेरिकेचे नागरी सहकार्य भारताच्या शस्त्रकार्यक्रमाला हातभार लावणार नाही, असा निर्णय अध्यक्षांनी नोंदवल्यावरच निर्यात व्हावी, अशी फाइनगोल्ड यांची दुरुस्ती होती आणि ती २५ विरुद्ध ७१ मतांनी पडली. आपल्या हिताच्या दृष्टीने ती पडली हे चांगले झाले, असे मी मानतो. पण ती भारतद्वेषातून आली होती असे म्हणता येणार नाही. १९७८ च्या कायद्याने ठरलेला नियम अध्यक्ष एका मित्रराष्ट्रासाठी शिथिल करू पाहत होते, आणि फाइनगोल्ड येथेही अध्यक्षांकडून लेखी जबाबदारी मागत होते.

आणखी एक बाब मला अस्वस्थ करते. हा करार अमेरिकेत समितीत गेला, सभागृहात गेला, त्याच्या दुरुस्त्यांवर नावानिशी मतदान झाले. भारतात मात्र आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मंजुरी लागत नाही. लोकसभेत २२ जुलै २००८ रोजी जे मतदान झाले, ते डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्यामुळे सरकारवरील विश्वासाचे होते. २७५ विरुद्ध २५६ अशा त्या आकड्यांतून कराराच्या एकाही कलमाविषयी कोणाचे काय मत होते, ते कळत नाही. फाइनगोल्ड यांचे विरोधी मत आपल्याला टोचते, परंतु ते टोचण्यासाठी तरी नोंदीवर आहे.

वाटसरू :

एक साधा प्रश्न. ९८ विरुद्ध १, ८९ विरुद्ध ८, २९ मते, २५ मते. हे सगळे पराभव आहेत. त्यातून प्रत्यक्ष काय निष्पन्न झाले?

पैलतीर :

वाटसरू यांच्या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर देतो. सप्टेंबर २००९ मध्ये न्यायविषयक समितीच्या सुनावणीत फाइनगोल्ड यांनी पेट्रियट कायद्याच्या कलम २१३ चा विषय काढला. घरमालकाला न कळवता झडती घेण्याची आणि नंतर सवडीने कळवण्याची मुभा या कलमाने दिली आहे, आणि ती दहशतवादाशी लढण्यासाठी म्हणून मागितली होती. त्यांनी सरकारच्याच अहवालातून दाखवून दिले की २००८ च्या आर्थिक वर्षात अशा ७६३ विनंत्यांपैकी केवळ ३ दहशतवादाच्या प्रकरणांतील होत्या. बहुतेक अमली पदार्थांच्या होत्या. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा मार्च २००७ चा अहवालही असाच आहे : एफबीआयने २००३ ते २००५ या तीन वर्षांत न्यायालयात न जाता पाठवलेल्या राष्ट्रीय सुरक्षा पत्रांद्वारे १,४३,००० हून अधिक वेळा माहिती मागवली होती आणि त्यात नियमभंग झाल्याचे आढळले.

कलम २१५ ची कथा तर अधिक बोलकी आहे. ज्या दुरुस्तीला आठ मते मिळाली, तिने रोखायचा होता तोच प्रकार पुढे घडला. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांच्या कागदपत्रांमुळे उघड झाले की याच कलमाचा अर्थ ताणून जवळजवळ सर्व अमेरिकी फोनसंभाषणांच्या नोंदी, म्हणजे कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला हे, सरकारकडे जमा होत होते. गुप्तवार्ता समितीवर असल्यामुळे फाइनगोल्ड यांना २००९ मध्ये याविषयी माहिती होती, पण बोलण्यास बंदी होती; या कलमाच्या वापराविषयीची माहिती जनतेसमोर यावी, एवढेच ते जाहीरपणे म्हणू शकत होते. ते सिनेटमधून गेल्यावर ओरेगॉनचे रॉन वायडन यांनी तेच काम चालू ठेवले. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ही नोंदसंकलनाची पद्धत कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला, आणि जून २०१५ च्या नव्या कायद्याने ती थांबवली. चौदा वर्षे उशिरा का होईना, सभागृह त्या दुरुस्तीच्या दिशेने सरकले.

मधल्या काळातही तो एकटेपणा टिकला नव्हता. आयडाहोचे रिपब्लिकन सिनेटर लॅरी क्रेग यांच्यासारखे सहकारी त्यांनी जोडले, आणि डिसेंबर २००५ मध्ये पेट्रियट कायद्याच्या नूतनीकरणावरील चर्चा संपवण्याचा प्रस्ताव ५२ विरुद्ध ४७ असा अडला. त्याला ६० मते हवी होती. मार्च २००६ मध्ये नूतनीकरण झाले तेव्हा विरोधात १० मते होती. मात्र जुलै २००८ मध्ये पाळतीचा सुधारित कायदा आणि त्यासोबत दूरसंचार कंपन्यांना पूर्वलक्षी संरक्षण ६९ विरुद्ध २८ मतांनी मिळाले, तेव्हा बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हा सिनेटर असलेले बराक ओबामाही होते. तो पराभव मला सर्वांत जिव्हारी लागणारा वाटतो, कारण वॉरंटविना पाळत ठेवण्यात कंपन्यांची काय भूमिका होती, हे न्यायालयात उघड होण्याचा मार्गच त्याने बंद केला.

अक्षांश :

तळटीप यांनी नोंदीवरील मताचा जो मुद्दा काढला, त्यात भर घालतो. भारतात फाइनगोल्ड होऊ शकतो का, हा प्रश्न व्यक्तीच्या धैर्याआधी आपल्या नियमांचा आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्वच धोक्यात आले. मार्च २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा संयुक्त अधिवेशनात ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाला. हे आकडे पक्षांच्या बेरजेचे आहेत, कोणत्याही एका सदस्याच्या विवेकाचे नाहीत. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीए हा बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा अधिक कडक झाला आणि आरोपपत्राविना कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली, तेव्हा दुःखाच्या त्या दिवसांत सभागृहातील चर्चा काही तासांत आटोपली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केले, तेव्हा स्पष्ट विरोध केला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, आणि ते आपल्या पक्षाचे सभागृहातील एकमेव आमदार आहेत. फाइनगोल्ड यांच्यामागे पक्षादेशाची तलवार नव्हती. डॅशल नाराज झाले, पण ते त्यांची जागा काढून घेऊ शकत नव्हते.

सप्तपर्णी :

तळटीप यांचे विवेचन वाचले. अणुकराराबाबत फाइनगोल्ड यांचे मत मला आजही अमान्य आहे, मात्र ते द्वेषाचे होते असे मी म्हणणार नाही. एक मात्र विचारते : सत्तेवर स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष आल्यावर त्यांचे हे प्रश्न टिकले का?

मॅडिसनकर :

टिकले, आणि त्याची नोंद आहे. डिसेंबर २००९ मध्ये ओबामा यांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली, तेव्हा फाइनगोल्ड यांनी विरोध केला. अल-कायदाचे बळ पाकिस्तान, येमेन, सोमालिया असे पसरलेले असताना एकाच देशात एवढे सैन्य ओतण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मे २०१० मध्ये माघारीचे वेळापत्रक मागणारी दुरुस्ती त्यांनी युद्धखर्चाच्या विधेयकाला सुचवली. तिला १८ मते मिळाली आणि विरोधात ८०.

त्याच महिन्यात त्यांनी तयार केलेल्या एका कायद्यावर ओबामा यांनी सही केली, आणि हे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण त्याने गुंता वाढतो. आफ्रिकाविषयक उपसमितीवर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. उत्तर युगांडातील लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या मुले पळवणाऱ्या टोळीविरुद्धचा हा कायदा त्यांनी कॅन्ससचे रिपब्लिकन सॅम ब्राउनबॅक यांच्यासोबत घडवला. ऑक्टोबर २०११ मध्ये ओबामा यांनी मध्य आफ्रिकेत सुमारे १०० लष्करी सल्लागार पाठवले, तेव्हा त्यांनी याच कायद्याचा आधार सांगितला. त्या वेळी फाइनगोल्ड सिनेटमध्ये नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये रिपब्लिकन रॉन जॉन्सन यांनी त्यांचा सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने पराभव केला होता. बेरोजगारी आणि आरोग्य कायदा यांवर ती निवडणूक लढली गेली. पेट्रियट कायद्याविषयी प्रचारात फारसे कोणी बोललेही नाही. २०१३ ते २०१५ या काळात परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी त्यांना काँगो आणि आफ्रिकेतील महासरोवर प्रदेशासाठी विशेष दूत नेमले, आणि तेथे त्यांनी राष्ट्राध्यक्षांना जाहीरपणे जी गोष्ट सांगितली, ती राज्यघटनेतील कार्यकाळाची मर्यादा ओलांडू नका, ही होती.